नाव घेण्याची कारणे

दिवाळी अंकात तळटिपांवर लेख लिहायचा म्हणजे फराळाचे ताट समोर आले असता वाण्याची यादी वाचून दाखवण्यासारखे आहे, हे मला ठाऊक आहे. तळटीप कोणी वाचत नाही. माझ्या कादंबऱ्यांना तळटिपा नसतात, आणि असत्या तर कागद महागल्याचे निमित्त सांगून प्रकाशकाने त्या गाळल्या असत्या. पण वाण्याच्या यादीवरूनच घरात काय शिजते, पथ्य कुणाचे आहे, पाहुणे किती आले आहेत आणि उधारी कुठवर गेली आहे, हे चतुर माणसाला कळते. विद्वानांच्या घरची अशी यादी म्हणजे शोधनिबंधाच्या शेवटी बारीक टायपात छापलेली संदर्भांची रांग. अमुक गोष्ट अमक्याने अमुक साली दाखवून दिली आहे, असे शास्त्रज्ञ एकमेकांचे दाखले देत असतात. ते दाखले का देतात, हे समजून घेण्याचा उद्योग कसा सुरू झाला आणि अलीकडे त्याला यंत्र कसे जुंपले गेले, त्याची ही हकीकत.

मी मॅट्रिकपलीकडे शिकलेला नाही. शास्त्रज्ञांच्या पंक्तीला बसण्याचा माझा अधिकार नाही. परंतु माझे जे दोन धंदे आहेत ते दोन्ही येथे कामाला येतात. शाळामास्तर म्हणून कुणी कुणाचे पाहून लिहिले हे ओळखण्याची सवय आहे, आणि कादंबरीकार म्हणून माणूस जे करतो ते का करतो, या प्रश्नाची खोड आहे.

नाव घेण्याची कारणे किती असतात ते आपल्या लग्नपत्रिकेत पाहावे. वर कुलदैवताचे नाव असते ते श्रद्धेने. आजोबांचे असते ते आदराने. मधल्या काकांचे असते, कारण मांडवाचा खर्च त्यांनी उचललेला असतो. आणि शेवटी 'आपले विनीत' म्हणून जी पंधरा-वीस नावे दाटीवाटीने बसवलेली असतात, त्यांतली निम्मी कोणी रुसू नये म्हणून असतात. छापताना मात्र सगळी एकाच शाईत. शोधनिबंधाच्या शेवटच्या यादीचे नेमके हेच आहे. ज्याच्या खांद्यावर उभे राहून काम केले तो, ज्याचे म्हणणे खोडून काढले तो, आणि ज्याचे नाव न घेतल्यास निबंध तपासणारा परीक्षक नाराज होईल तो, हे तिघे शेजारी शेजारी अनुक्रमांक लावून बसलेले असतात. आपल्याकडे याच्या उलटही परंपरा होती. स्वतः रचलेल्या अभंगाखाली 'तुका म्हणे' असे घालून कित्येक अनामिकांनी आपली कविता दुसऱ्याला देऊन टाकली. पण तो विषय निराळा.

ही कथा विज्ञानात सुरू होत नाही, वकिलीत होते. अमेरिकेतील न्यायालये आधीच्या निकालांना मानून चालतात. वकिलाने जुना निकाल पुढे करावा आणि समोरच्याने उठून तो वरच्या कोर्टाने केव्हाच फिरवल्याचे दाखवावे, म्हणजे पहिल्याची फजिती. इलिनॉय राज्यात फ्रँक शेपर्ड नावाच्या गृहस्थाने १८७३ साली या अडचणीवर एक साधा इलाज काढला. त्याने गोंद लावलेल्या चिठ्ठ्या छापून विकायला आणल्या. वकिलाने आपल्या पुस्तकात त्या त्या निकालाच्या समासात त्या चिकटवायच्या. या निकालाचा पुढे कोठे कोठे उल्लेख झाला, ते त्यांवर असे. चिठ्ठ्यांची पुढे जाडजूड पुस्तके झाली आणि 'शेपर्डच्या उल्लेखसूची' वकिलांच्या कचेरीतील नित्याची वस्तू बनल्या. या पुस्तकांत नुसता उल्लेख नसे. शेजारी एक अक्षर असे, आणि त्यावरून पुढच्या न्यायालयाने तो निकाल पाळला, मोडला की त्यातून आपला खटला निराळा काढला, ते समजे. म्हणजे 'कुणी नाव घेतले' याबरोबर 'का घेतले' हेही नोंदलेले असे. माणसे बसून एकेक निकाल वाचत आणि ती अक्षरे घालत. काम किचकट, पण चुकीची किंमत मोठी.

विज्ञानात ही कल्पना आणली युजीन गारफील्ड यांनी. हे न्यूयॉर्कचे, १९२५ सालचे, शिक्षणाने रसायनशास्त्रज्ञ. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात वैद्यकीय वाङ्मयाच्या सूची यंत्राने कशा कराव्यात या खटपटीत होते. १९५३ साली शेपर्ड कंपनीतून निवृत्त झालेल्या विल्यम अडेर नावाच्या अधिकाऱ्याने त्यांना वकिलांच्या या पद्धतीची ओळख करून दिली. दोन वर्षांनी, १९५५ साली, 'सायन्स' या नियतकालिकात गारफील्ड यांचा लेख आला. विज्ञानासाठीही अशी उल्लेखसूची हवी, म्हणजे जुन्या निबंधातील चूक पुढे कुणी दाखवली असेल तर ती वाचणाऱ्याला समजेल, असे त्यांचे म्हणणे. चुकीचे, फसवे किंवा कालबाह्य झालेले निबंध लोक डोळे मिटून पुढे करतात, ते थांबावे हा त्यांचा हेतू होता. वाचकांनी तो कृपा करून ध्यानात ठेवावा, कारण पुढे जे झाले ते काही निराळेच.

नोबेल मिळालेले जोशुआ लेडरबर्ग पाठीशी उभे राहिले, फिलाडेल्फियात गारफील्ड यांनी १९६० साली संस्था काढली, आणि थोड्याच वर्षांत त्यांची विज्ञान-उल्लेखसूची बाहेर पडली. १९६१ सालच्या ६१३ नियतकालिकांतले चौदा लाख उल्लेख तिच्या पाच खंडांत होते. चौदा लाख! एवढ्या उल्लेखांपुढे शेपर्डसारखी अक्षरे कोण लिहिणार? ती गळाली. 'कुणी कुणाचे नाव घेतले' एवढेच उरले, 'का घेतले' ते गेले. माझ्या मते साऱ्या गोंधळाचे मूळ या एका काटकसरीत आहे.

गारफील्ड यांना ते कळत नव्हते असे नाही. त्यांनीच १९६४ साली एका परिषदेत नाव घेण्याची पंधरा कारणे सांगितली. पूर्वसूरींना वंदन, सहकाऱ्यांचे श्रेय, वापरलेल्या पद्धतीचा निर्देश, स्वतःची दुरुस्ती, दुसऱ्याची दुरुस्ती, टीका, पहिलेपणावरचा तंटा, असे करीत ती यादी चांगली लांबली आहे. आणि हे दाखले देण्याचे काम यंत्र करू शकेल काय, असा सवालही त्याच निबंधात त्यांनी टाकला. तेव्हाच्या यंत्रांची ताकद पाहता तो प्रश्न म्हणजे रांगत्या मुलाला गड चढशील काय असे विचारण्यापैकी होता.

दरम्यान लोकांनी मोजायला सुरुवात केली. मोजता येते म्हटल्यावर मोह आवरत नाही. परीक्षेच्या गुणांचे तरी दुसरे काय झाले आहे? ज्याच्या नावाचे उल्लेख जास्त तो थोर, असा हिशेब रूढ झाला. नेमणुका, बढत्या, अनुदाने त्यावर ठरू लागली. या हिशेबात आजवरचा सर्वात थोर निबंध कोणता? प्रथिने मोजण्याची एक सोपी रीत सांगणारा ऑलिव्हर लाउरी आणि मंडळींचा १९५१ सालचा निबंध. २०१४ साली त्याचे उल्लेख तीन लाखांवर गेले होते. आणि वॉटसन-क्रिक यांचा १९५३ सालचा, ज्याने सजीवांच्या वारशाची दुहेरी वेलांटी उलगडली, तो निबंध त्या वर्षीच्या पहिल्या शंभरांतही नव्हता. लाउरी यांचे काम उपयोगी होते यात शंका नाही. पण घरोघर पोळपाट असतो म्हणून पोळपाट करणाऱ्याला कोणी कुलदैवत म्हणत नाही.

या मोजणीतून एक शास्त्रच जन्मले आणि त्याचा एक आद्य पुरुष अगदी कादंबरीत शोभावा असा आहे. डेरेक प्राइस हे इंग्रज गृहस्थ चाळिशीच्या दशकाअखेर सिंगापूरच्या रॅफल्स कॉलेजात शिकवीत होते. ग्रंथालयाची इमारत तयार नव्हती, म्हणून लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकाचे १६६५ पासूनचे खंड त्यांनी आपल्या घरी ठेवून घेतले. निजायच्या खोलीत भिंतीशी दहा-दहा वर्षांच्या चळती लावल्या, तेव्हा चळतींची उंची एका ठराविक पटीने वाढत गेलेली त्यांना दिसली. पुस्तकांच्या ढिगाने कोणाची झोप उडाली असेल, कोणाला पत्नीची बोलणी खावी लागली असतील. या माणसाला त्यात विज्ञानाच्या वाढीचा नियम सापडला. १९६५ साली त्यांनी गारफील्ड यांच्या आकड्यांवरून शोधनिबंधांचे जाळे कसे विणले जाते ते मांडले.

पण जाळ्याचा एकेक धागा कशासाठी ओढला आहे, हे पाहायला १९७५ साल उजाडावे लागले. मायकेल मोराव्हसिक आणि पूवनलिंगम मुरुगेसन यांनी भौतिकशास्त्राचे तीस निबंध घेऊन त्यांतला प्रत्येक उल्लेख स्वतः वाचला. सुमारे पाचांपैकी दोन उल्लेख नुसते उपचाराचे निघाले. तेही लग्नपत्रिकेतले विनीत.

याहून गंमतीचा शोध लॉस एंजलिसच्या मिखाइल सिमकिन आणि व्वानी रायचौधुरी या जोडीने २००३ साली प्रसिद्ध केला. त्यांनी कारणे पाहिलीच नाहीत, चुका पाहिल्या. पुढे २०१६ साली ज्यांना नोबेल मिळाले त्या कोस्टरलिट्झ आणि थौलेस यांच्या १९७३ सालच्या एका निबंधाचे सुमारे ४३०० उल्लेख त्यांनी घेतले. त्यांपैकी १९६ उल्लेखांत पृष्ठांक, खंड किंवा साल चुकलेले होते. पण वेगवेगळ्या अशा चुका किती? अवघ्या ४५. एक चूक तर ७८ जणांनी जशीच्या तशी केली होती.

येथे कोणताही शाळामास्तर खुर्चीत सावरून बसेल. दोन मुलांचे गणित बरोबर आले तर काहीच सिद्ध होत नाही. दोघांनी सात साती सत्तेचाळीस असे लिहिले, म्हणजे मग बाके दूर करावी लागतात. त्या संशोधकांनी हिशेब मांडला की, मूळ निबंध उघडून पाहणारे शंभरात वीसच्या आसपास असावेत, बाकीचे दुसऱ्याच्या यादीतून उतरवतात. मला हा आकडा थोडा कडक वाटतो. निबंध वाचूनही पत्ता मात्र शेजाऱ्याच्या यादीतून घेणारा आळशी माणूस असू शकतो. पण युक्ती बिनतोड आहे, आणि आपल्याला ती परकीही नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, तिच्यासाठी बाराशेंहून अधिक हस्तलिखिते पाहिली गेली. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकरांनी आदिपर्वाचा खंड १९३३ साली पुरा केला आणि सर्व पर्वे संपायला १९६६ साल आले. कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरली, तिचे घराणे कोणते, हे ठरवताना समान चुका आणि समान भरती हाच मोठा पुरावा असतो. नकलणाऱ्याची डुलकीही पंडिताच्या कामाला येते!

आता यंत्राकडे येऊ. 'मशीन लर्निंग', म्हणजे यंत्राला शिकवणे, हा शब्द आता घराघरात पोचला आहे, पण शिकवतात ते कसे? आधी माणसे बसतात. इंग्लंडात केंब्रिजच्या सिमोन टॉयफेल आणि त्यांच्या सोबत्यांनी २००६ साली ११६ निबंधांतील २८२९ उल्लेखांवर बारा प्रकारांपैकी एकेक शिक्का मारला: हा टीकेचा, हा पायाचा, हा तुलनेचा, हा नुसताच. मग हे शिक्के मारलेले उल्लेख यंत्राला दाखवायचे. यंत्र अर्थ समजून घेत नाही. कोणते शब्द, कोणत्या जागी, कोणत्या शिक्क्याबरोबर येतात, याचे ते वजन ठरवते, चुकले की वजन थोडे बदलते, आणि असे हजारो वेळा करते. परीक्षा घ्यायची ती पूर्वी न दाखवलेल्या उल्लेखांवर, कारण पाठ केलेले गणित परीक्षेत आले तर हुशारी कळत नाही. ही शिस्त या लोकांनी पाळली याबद्दल मला त्यांचा आदर आहे. आमच्याकडे ती नेहमी पाळली जाते असे मी म्हणणार नाही.

अडचणी दोन निघाल्या. पहिली, माणसांचेच एकमत होईना. एकच उत्तरपत्रिका दोन परीक्षकांकडे गेली की काय होते ते सांगायला नको. पुष्कळ सराव करून आणि लेखी नियम घालून दिल्यावर एकमत बरेच झाले, यंत्राचे माणसांशी जमले ते त्याहून कमी. दुसरी अडचण विद्वानांच्या सभ्यतेची. कुणी कुणाला उघड चूक म्हणत नाही. 'अमक्यांचे काम मोलाचे आहे' असे म्हणून पुढच्या दोन-तीन वाक्यांनंतर हळूच 'मात्र' येतो. सूनबाईंची पुरणपोळी छानच झाली हो, असे सासूबाई म्हणतात तेव्हा सारे घर पुढच्या 'पण'ची वाट पाहते. घराला ते कळते, कारण घर सासूबाईंना ओळखते. यंत्राला पहिले वाक्य दिले तर ते बिचारे स्तुतीचा शिक्का मारून मोकळे होते.

पुढे शिकवणाऱ्यांनी युक्त्या काढल्या. २०१५ साली अमेरिकेतील सिॲटल शहरी असलेल्या ॲलन संस्थेच्या मंडळींनी ४६५ उल्लेख तपासले, तेव्हा खरोखर महत्त्वाचे असे शंभरात पंधराही भरले नाहीत. ते ओळखण्याची एक खूण फारच साधी होती: मजकुरात ते नाव पुन्हा पुन्हा येते का. ज्याच्यावर काम उभे आहे त्याला माणूस एकदाच नमस्कार करून सोडत नाही. त्याच संस्थेत २०१९ साली सुमारे अकरा हजार उल्लेखांवर यंत्र शिकवले गेले, आणि प्रकार बारा नव्हे, तीनच ठेवले: पार्श्वभूमी, पद्धत, निष्कर्षांची तुलना. त्याला दोन जोडधडे दिले. एक, हे वाक्य निबंधाच्या कोणत्या भागातले असेल ते सांग. दुसरा, या वाक्याला दाखल्याची गरज आहे की नाही ते सांग. हे धडे मुख्य विषयाचे नव्हेत, पण त्यांनी मुख्य विषय सुधारला. अशा रीतीने शेपर्डच्या कारकुनांनी हाताने घातलेली ती अक्षरे, वर्षांमागून वर्षे गेल्यावर, लाखो निबंधांपुढे यंत्राच्या हातून पुन्हा उमटू लागली आहेत.

मग सारे ठीक झाले म्हणावे, तर एक पत्र आठवते.

'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' हे वैद्यकातले अत्यंत प्रतिष्ठित नियतकालिक. त्याच्या १० जानेवारी १९८० च्या अंकात, संपादकांना आलेल्या पत्रांत, बॉस्टनच्या डॉ. हर्शेल जिक आणि जेन पोर्टर यांचे एक पत्र छापले गेले. पाच वाक्यांचे. इस्पितळात दाखल असताना ज्यांना अफूवर्गीय वेदनाशामके दिली गेली अशा ११,८८२ रुग्णांच्या नोंदी पाहता, आधी व्यसन नसलेल्यांपैकी फक्त चौघांना व्यसन जडल्याची पक्की नोंद सापडते, एवढेच त्यात होते. इस्पितळात, परिचारिकेच्या नजरेखाली औषध दिले जात असतानाची ही गोष्ट. घरी बाटली नेऊन महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्याबद्दल त्यात अक्षर नव्हते. ते पत्र संशोधननिबंधही नव्हते.

पण त्याचे नाव घेतले जाऊ लागले. एकाने घेतले, त्याचे पाहून दुसऱ्याने. १९९५ च्या अखेरीस ऑक्सिकॉन्टिन ही जबर गोळी अमेरिकेत संमत झाली आणि उल्लेख आणखी वाढले. 'या औषधांनी व्यसन क्वचितच लागते', आणि पुढे लहानसा अनुक्रमांक; पाठीशी त्या थोर नियतकालिकाचे नाव. डॉक्टर तरी काय करणार? त्यांनी लिहून दिले, रुग्णांनी विश्वासाने घेतले. गोळी विकणाऱ्या कंपनीने व्यसनाच्या धोक्याबाबत दिशाभूल केल्याचा गुन्हा २००७ साली न्यायालयात कबूल केला. १९९९ ते २०२१ या काळात अफूवर्गीय पदार्थांच्या अतिसेवनाने, औषधे व बेकायदा माल मिळून, त्या देशात सहा लाखांहून अधिक माणसे गेली. हे सारे एका पत्रामुळे झाले असे कोणी म्हणणार नाही. पण त्या वाटेवर लावलेल्या दिव्यांपैकी हा एक खोटा दिवा होता.

२०१७ साली टोरांटोच्या काही डॉक्टरांनी या पत्राचा माग काढला. ६०८ उल्लेख सापडले. त्या सुमारास त्याच नियतकालिकात आलेल्या तशाच इतर अकरा पत्रांना साधारणपणे अकरा-अकरा उल्लेख लाभलेले. सहाशे आठांपैकी ४३९ जणांनी ते व्यसन दुर्मिळ असल्याचा पुरावा म्हणून पुढे केले होते. आणि ४९१ जणांनी ते रुग्ण इस्पितळातले होते, हे सांगितलेच नव्हते.

हे काम माणसांनी एकेक लेख वाचून केले. यंत्राला ते ६०८ उल्लेख दिले असते तर त्याने काय केले असते? बहुतेकांवर 'पाठिंबा' असा शिक्का मारला असता, आणि तो बरोबरच ठरला असता. नाव घेणारा काय म्हणतो ते यंत्र आता बरे ओळखते. ज्याचे नाव घेतले तो मुळात तसे म्हणाला होता का, हे पाहायचे तर दुसरा कागद उघडावा लागतो. दाव्याशी मूळ पुरावा ताडून पाहायला यंत्रांना शिकवण्याचे प्रयत्न अलीकडे चालू आहेत, आणि ते व्हावेत असे मला मनापासून वाटते. पण त्याच वेळी मजकूर रचणारी नवी यंत्रे मुळात नसलेल्या निबंधांचे दाखले बेलाशक देऊ लागली आहेत, आणि ज्या वकिलांसाठी शेपर्डने गोंदाच्या चिठ्ठ्या काढल्या त्यांच्याच वंशजांपैकी काहींना २०२३ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने, यंत्राने कल्पिलेले निकाल खरे म्हणून पुढे केल्याबद्दल, पाच हजार डॉलर दंड केला.

टोरांटोकरांचा लेख आल्यावर नियतकालिकाने १९८० सालच्या त्या पत्रावर संपादकांची सूचना जोडली. हे पत्र व्यसन दुर्मिळ असल्याचा पुरावा म्हणून फार वेळा आणि विचार न करता वापरले गेले आहे, याची वाचकांनी जाणीव ठेवावी, अशा अर्थाची. गारफील्ड त्याच वर्षी फेब्रुवारीत वारले होते. पत्राची ती पाच वाक्ये आजही तशीच आहेत, आणि त्यांच्या डोक्यावर हे सहावे बसले आहे.